टॉर्क रेंच घेतला, तरी ऑइल गॅरेजातच बदलते

निकाल आधी सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना खालपर्यंत यायला नको. केबिन फिल्टर, एअर फिल्टर, टायरची हवा, वायपर, बॅटरीचे टर्मिनल ही कामं मी आता गॅरेजला देत नाही. ऑइल, ब्रेक, अलाइनमेंट, एसीचा गॅस ही कामं मी घरी करत नाही. या यादीत ऑइल बघून काही जण नाक मुरडतील, कारण घरी गाडीचं काम शिकणारा जवळपास प्रत्येक जण श्रीगणेशा तिथूनच करतो. मलाही करता येतं. तरी करत नाही, आणि त्याला कारण आहे.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, हाताने गिअर टाकायची, वॉरंटी कधीच संपलेली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. यंत्राचं कॅलिब्रेशन तपासायचं, रसायनाची बाटली उघडली की तिच्यावर तारीख घालायची, जे केलं ते लिहायचं आणि जे केलं नाही ते लिहायचं नाही, यात माझा दिवस जातो. ही खोड गाडीपर्यंत पोचणारच होती. तर हे परीक्षण तिघांचं आहे: कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर, एका मिस्त्रीचं छोटं गॅरेज, आणि माझे स्वतःचे हात. कसोट्या दोनच. काम खरंच झालंय हे मला नंतर तपासता येतं का? आणि काम चुकलं तर किती महागात पडतं?

सुरुवात केबिन फिल्टरपासून, कारण माझे डोळे त्यानेच उघडले. एसीची हवा गाळणारा हा कागदी फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. आतलं सामान काढायचं, खणाच्या दोन्ही बाजू आत दाबायच्या, अडकण सुटली की अख्खा खण खाली लोंबतो. मागे एक अरुंद प्लास्टिकचं झाकण दिसतं, दोन खटके दाबले की ते निघतं आणि फिल्टर ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो. फिल्टरच्या कडेला हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो, नवा बसवताना तो बघायचा. झालं काम. कुठलंही हत्यार लागत नाही.

मागच्या वेळी फिल्टर मीच घातला होता आणि सवयीने त्याच्या चौकटीवर मार्करने तारीख टाकली होती. पुढे गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. बिलात केबिन फिल्टरची ओळ होती, पार्ट नंबरसकट, मजुरी वेगळी. त्याच संध्याकाळी खण उघडला तर फिल्टरवर माझंच अक्षर. घड्यांत वाळक्या पानाचा चुरा होता तसाच.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर गेले. सल्लागार तरुण होता, नम्र होता.

"मॅडम, बदललाय. जॉब कार्डवर टिक आहे बघा."

"टिक दिसतेय. फिल्टरवर माझी तारीखही दिसतेय."

फिल्टर त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने वाद घातला नाही, पैसे परत केले आणि नवा फिल्टर हातात दिला. आता याला फसवणूक म्हणायचं का? कोणी तरी मुद्दाम ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. एका मेकॅनिकच्या वाट्याला दिवसात अमुक इतक्या गाड्या, प्रत्येकीला ठरलेला वेळ. ग्लोव्ह बॉक्स गिऱ्हाइकाच्या कागदपत्रांनी, चार्जरांनी, गॉगलांनी खच्चून भरलेला. तो रिकामा करा, परत लावा, वर एखादी वस्तू हरवली तर बोलणी खा. आणि फिल्टर बदलला की नाही हे कोण बघतंय? घाई झाली की कोणाच्या नजरेस न पडणारं काम आधी गळतं. आमच्या लॅबमध्येही हेच होतं, म्हणून तर आमच्याकडे तपासणीवर तपासणी असते.

तेव्हापासून माझा नियम उलटा झाला. सोपं काम गॅरेजला द्यायचं नाही, कारण सोप्या कामाकडे तिथे कोणाचं लक्ष नसतं. एअर फिल्टरचं तेच. बोनेट उघडा, डब्याचे खटके किंवा स्क्रू काढा, जुना काढा, डब्यातला कचरा पुसा, नवा बसवा. रबरी कडा खाचेत नीट बसली पाहिजे, नाही तर न गाळलेली हवा बगलेतून इंजिनात जाते. एवढी एक गोष्ट सांभाळली की बास. काही गॅरेजांत जुनाच फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून परत लावतात आणि "साफ केला" म्हणतात. जोरदार हवेने कागदाला बारीक भोकं पडू शकतात, ती डोळ्यांना दिसतही नाहीत.

टायरच्या हवेबद्दल तर गॅरेजवर विसंबूच नका. एक बरा प्रेशर गेज आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप, ही दोन्ही माझी सगळ्यात वसूल झालेली खरेदी. हवा गार टायरमध्ये मोजायची असते, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यावर. पंपावर जाईपर्यंत टायर तापतो आणि आकडा वर चढतो. हवामानाचंही तसंच, तापमानात साधारण साडेपाच अंश सेल्सिअसचा फरक पडला की टायरमध्ये एक पीएसआयचा (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) फरक पडतो, त्यामुळे ऋतू बदलला की आकडे आपोआप हलतात. किती भरायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीत मला अनेकदा चारही चाकांत एकच आकडा मिळालाय, पुढचं-मागचं वेगळं असायला हवं असतानाही. आणि स्टेपनीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

हवा भरायला वाकलंच आहे तर आणखी दोन गोष्टी बघून घ्यायच्या. टायरच्या खाचांत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरवर असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते, 2322 म्हणजे 2022 चा 23 वा आठवडा. नवे टायर घेताना दुकानात हा आकडा वाचला की विक्रेत्याची बोलण्याची तऱ्हाच बदलते.

वायपर आणि बॅटरीवर फार लिहिण्यासारखं नाही. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी सोडायची, लावताना शेवटी. टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी जमली असेल तर गरम पाणी आणि ब्रश. साधा मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, इंजिन चालू असताना साधारण 14. मग बॅटरी "गेलीय" असं कोणी सांगितलं की निदान प्रश्न तरी विचारता येतो.

आता टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरवलेल्या पिळाइतका आवळला की इशारा देणारा पाना, माझ्या हत्यारांच्या पेटीतला मानकरी. टायर अदलाबदल करून आणल्यावर एकदा सहज म्हणून गाडीबरोबर आलेल्या पान्याने नट सैल करून बघायला गेले, तर हलेना. सगळा जोर लावला, पान्यावर पाय देऊन उभी राहिले, तेव्हा कुठे करकरला. गॅरेजात हवेवर चालणारी गन असते, ट्रिगर दाबून धरला की ती नट आवळतच राहते. लहान गाड्यांच्या चाकांच्या नटांना साधारण 80 ते 120 न्यूटन-मीटर इतकाच पीळ हवा असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. 100 न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे 40 किलोचा भार. गन याच्या कितीतरी पुढे सहज जाते. नट जास्त आवळले की तो ज्यावर बसतो तो स्टड ताणला जातो, ब्रेकच्या डिस्कवर वाकडा दाब येतो, आणि रस्त्यात पंक्चर झालं तर एकट्या माणसाला चाक निघत नाही. मला या तिसऱ्या गोष्टीची जास्त भीती.

क्लिक करणारा अर्धा इंच ड्राइव्हचा रेंच घेतला. उपयोगी पडलेल्या बारीकसारीक गोष्टी सांगते. त्याने नट कधी सैल करायचा नाही, त्यासाठी साधा लांब पाना. नट चांदणीसारखे एकाआड एक आवळायचे, गोल फिरत नाही. काम झालं की मूठ सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, नाही तर आतली स्प्रिंग दाबलेली राहून माप बिघडतं. आणि क्लिक म्हणजे "किमान इतकं झालं" एवढंच, जास्त किती झालंय हे तो सांगत नाही. हा शेवटचा मुद्दा मिस्त्रींना पटवताना मजा आली. मी रेंच घेऊन गेले तेव्हा ते हसले होते. "ताई, किती घट्ट झालं ते हाताला कळतं." मग त्यांच्या हाताने आवळलेल्या नटांवर मी रेंच लावला. प्रत्येक नट जागचा न हलता क्लिक. "बघा, बरोबर आहे की!" मी म्हटलं, बरोबर आहे की जास्त आहे हे यातून कळतच नाही, सैल करून परत आवळायला लागेल. ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "मग करू या." आता माझ्या गाडीची चाकं ते गनने फक्त अर्धवट बसवतात आणि शेवट माझ्या रेंचने करतात. बाकी गिऱ्हाइकांचं काय करतात, देव जाणे.

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा छोटा ओबीडी स्कॅनरही घेतलाय, पण त्याला मी निम्मेच गुण देईन. इंजिनाचा दिवा लागला की कोड मिळतो, आणि माणसाला वाटतं रोग कळला. पी0420 हा कोड घ्या. अर्थ एवढाच की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाचं, काम मर्यादेखाली गेल्यासारखं दिसतंय. कारण सेन्सर असू शकतं, एक्झॉस्टला गळती असू शकते, खरोखर कन्व्हर्टरही असू शकतो, आणि तो तर भलताच महाग भाग. आमच्याकडेही रिपोर्टमधला एक वाढलेला आकडा बघून लोक स्वतःच औषध ठरवतात, तशातली गत. गॅरेजात जाण्याआधी कोड टिपून ठेवायला मात्र स्कॅनर चांगला.

आता ऑइल. हे काम फार अवघड नाही. गाडी वर घ्यायची, ड्रेन प्लग काढायचा, जुनं ऑइल सोडायचं, फिल्टर बदलायचा, प्लगला नवा वॉशर घालून आवळायचा, वरून ठरलेलं माप ओतायचं, डिपस्टिकवर बघायचं. पण दुसरी कसोटी लावून बघा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, कधीच नाही. म्हणजे जॅक स्टँड हवेत, सपाट कडक जमीन हवी. ऑइल पॅन ॲल्युमिनियमचा असला तर प्लग जरा जास्त आवळला की आटे गेलेच. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर चढवला तर दोन रिंगा एकावर एक बसतात, आणि इंजिन चालू झाल्यावर दाबाने सगळं ऑइल बाहेर. माप जास्त झालं तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, ऑइलमध्ये बुडून फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही. एवढं सगळं सांभाळून उरतं काय? ऑइल आणि फिल्टर तर विकत घ्यावेच लागतात. वाचते ती मजुरी, आणि माझ्या बिलात ती सगळ्यात छोट्या ओळींपैकी एक आहे. त्यात जुनं ऑइल गटारात किंवा जमिनीवर ओतायचं नाही हे उघड आहे, त्यात धातूचे कण आणि जळणाचे विषारी अवशेष असतात. ते कॅनमध्ये भरून शेवटी गॅरेजातच नेऊन द्यायचं. मग गाडीच नेलेली काय वाईट?

पण खरं कारण वेगळंच आहे. ऑइल बदलायच्या निमित्ताने गाडी लिफ्टवर चढते आणि जाणकार माणूस तिच्या पोटाखाली उभा राहतो. माझ्या गाडीच्या ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) सांधा झाकणारा रबरी बूट फाटलाय हे मिस्त्रींना जुनं ऑइल निथळत असतानाच दिसलं. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे उडाले होते. लवकर दिसलं म्हणून नुसता बूट आणि नवं ग्रीस यावर निभावलं, धूळ आत जाऊन सांधा गेला असता तर खर्च कुठल्या कुठे गेला असता. पार्किंगमध्ये पाठीवर झोपून, मोबाइलच्या उजेडात, कोपराला खडे टोचत असताना मला तो दिसला असता का? मला दिसला असता फक्त ड्रेन प्लग.

तिथेच त्यांनी आणखी एक गोष्ट केली. वेग घेतला की गुणगुणल्यासारखा आवाज येतो अशी माझी तक्रार होती. त्यांनी लिफ्टवरच एका हाताने चाक गरकन फिरवलं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. मग दुसरं चाक. मग पुन्हा पहिलं. "हात ठेवा ताई." मी ठेवला. एका स्प्रिंगमध्ये काहीच नाही, दुसरीत बारीक खरखर, वाळूवरून बोट फिरवल्यासारखी. चाक ज्यावर फिरतं ते व्हील बेअरिंग खराब. इतकं स्वस्त आणि इतकं खात्रीचं निदान मी क्वचितच पाहिलंय, आणि ते अंगी येतं शेकडो चाकं फिरवूनच. मजुरी मी याची देते.

मात्र ऑइल कुठलं, हे मी ठरवते. मॅन्युअलमध्ये 0डब्ल्यू-20 (ऑइलच्या जाडी-पातळपणाचा दर्जा) लिहिलं असेल तर तेच. "सगळ्यांना हेच टाकतो" म्हणून ड्रममधून आलेलं जाडसर ऑइल नको. सीलबंद कॅन मी नेते, माझ्यासमोर फोडला जातो आणि मी डोळ्यांत तेल घालून उभी असते. सर्व्हिस सेंटरमध्ये हे जमत नाही, तिथे गिऱ्हाइकाने काचेपलीकडे बसायचं असतं. काही छोटी गॅरेजं बाहेरून आणलेले पार्ट लावायला नाखूश असतात, आणि त्यात तथ्य आहे. पार्टमधला नफा जातो, वर पार्ट खराब निघाला तर बोल त्यांना. मी आधीच सांगून टाकलंय, पार्टची जबाबदारी माझी, मजुरी तुम्ही म्हणाल ती.

ब्रेकबाबत माझं धोरण एकच: बघायचं, पण हात लावायचा नाही. चाकाच्या फटीतून टॉर्च मारली की बहुतेक गाड्यांत पॅडची जाडी दिसते. 3 मिलिमीटरच्या आसपास आली की वेळ झाली. ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरते ती बऱ्याचदा पॅड झिजल्यामुळेच, म्हणून आधी पॅड आणि गळती बघायची, वरून भर घालत बसायचं नाही. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की जास्तीचं ऑइल उतू जातं आणि रंगाची साल काढतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू कोरडा असताना किमान 230 अंश सेल्सिअस, आणि 3.7 टक्के पाणी मिसळल्यावर किमान मर्यादा 155. लांब उतारावर ब्रेक तापून हे ऑइल उकळलं की पेडल मऊ पडतं ते असं. म्हणून बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. नळीत हवा राहिली तर काय होईल याची परीक्षा मला रस्त्यावर द्यायची नाही. काही गाड्यांत एबीएसमधली (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेतली) हवा काढायला स्कॅनर लागतो, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाडीत मागचे पॅड काढण्याआधी सर्व्हिस मोड लावावा लागतो. हे काम ज्याचं त्याला करू द्या.

अधिकृत सेंटर आणि छोटं गॅरेज यांत मी कुठे जाते? सॉफ्टवेअर अपडेट, एअरबॅगचा दिवा, कंपनीने परत बोलावलेले पार्ट, यासाठी सेंटर. बाकी सगळं मिस्त्रींकडे. सेंटरवाल्यांची नोंद चोख असते, पार्ट अस्सल असतात, आणि केबिन फिल्टरचा किस्सा सोडला तर काम वाईट नाही. त्रास आहे तो वाढीव यादीचा. इंजिन फ्लश, डिकार्बनायझिंग, एसीची फवारणी, खालून कोटिंग. दरवेळी काउंटरवर ही यादी पुढे येते. माझा प्रश्न ठरलेला: "मॅन्युअलच्या तक्त्यात हे कितव्या किलोमीटरला लिहिलंय, दाखवता?" आजवर कोणी पान उघडून दाखवलेलं नाही.

पुढचं काम स्पार्क प्लगचं आहे. माझ्या इंजिनात ते वरच आहेत, त्यांना वीज देणाऱ्या कॉइल काढल्या की हाताशी येतात. इंजिन पूर्ण गार असताना काढायचे, नवे आधी हातानेच फिरवून आट्यांत बसवायचे, मग रेंच. पहिल्या कसोटीवर काम घरचं ठरतं. पण प्लगला 20-25 न्यूटन-मीटरच पीळ लागतो आणि माझ्या रेंचचं मापच 40 पासून सुरू होतं. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, तिथले आटे गेले तर दुरुस्ती मोठी. एवढ्या एका कामासाठी दुसरा, छोटा रेंच घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. कोणाकडून उसना मिळाला तर घरी करेन, नाही तर पुढच्या ऑइलबरोबर मिस्त्रींकडूनच उरकून घेईन.